साऊथ एशियन गेम्स वेळेवर का होत नाहीत? आणि आपल्याकडे त्यांची कुणाला किंमत का नाही?

रानवाटा
बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी, सरुसजाईचं स्टेडियम. साऊथ एशियन गेम्समधली पुरुषांची भालाफेक. सुवर्ण नीरज चोप्राला, ८२.२३ मीटर. कांस्य अर्शद नदीमला, ७८.३३. मधे रौप्य श्रीलंकेच्या खेळाडूला. तेव्हा या दोघांची नावं भालाफेकीच्या बाहेर कुणाला माहीत नव्हती, नीरज अठरा वर्षांचा होता आणि अर्शद मियां चन्नूसारख्या छोट्या गावातनं आलेला. पुढे पॅरिसला २०२४ मध्ये काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, अर्शद ९२.९७, नीरज ८९.४५. म्हणजे ज्या ऑलिंपिक फायनलसाठी दोन्ही देश रात्री जागे होते त्यातले पहिले दोघं याच स्पर्धेत समोरासमोर आले होते, ज्या स्पर्धेला आपल्याकडे पेपरात आतल्या पानावर चार ओळी मिळतात.

आणि हीच स्पर्धा आता रखडलीय. शेवटची झाली डिसेंबर २०१९ ला काठमांडू, पोखरा आणि जनकपूरला. त्यानंतरची चौदावी पाकिस्तानात व्हायची होती, तारखा ठरतात आणि पुढे जातात. त्याआधी सुद्धा २०१० च्या ढाक्यानंतर थेट २०१६ उजाडलं. २०१९ ला जी पोरगी एकोणीस वर्षांची होती तिची पळायची उमेदीची वर्षं अशीच गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की पदकतक्ता बघून ही स्पर्धा मोजू नका. ज्या खेळाडूला त्याची फेडरेशन युरोपात पाठवू शकत नाही, ज्याला डायमंड लीग (ॲथलेटिक्सची बड्या खेळाडूंची जागतिक मालिका) टीव्हीवरच दिसते, त्याच्यासाठी देशाबाहेरची पहिली खरी स्पर्धा हीच असते आणि ती न होणं म्हणजे त्याचं दारच बंद करणं. तुमची मतं सांगा.

केदार_ठाणे
धागा चांगला आहे पण मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. २०१९ चा तक्ता बघा. भारत १७४ सुवर्ण, एकूण ३१२ पदकं. दुसरा नेपाळ ५१ सुवर्ण. ही काय स्पर्धा झाली? आणि तेही आपण बऱ्याच खेळांत पहिल्या फळीचे खेळाडू न पाठवता. एकाच देशाने निम्म्याच्या वर सुवर्ण न्यायची असतील तर बाकीच्यांनी यायचं कशाला.

दुसरं, दर्जा. त्याच स्पर्धेत महिला क्रिकेटला मालदीवची टीम बांगलादेशविरुद्ध ६ धावांत ऑलआउट झाली. समोर २५५ धावा होत्या. त्याआधी नेपाळच्या अंजली चंदने मालदीवविरुद्ध एकही धाव न देता सहा विकेट काढल्या. अंजलीचं कौतुक आहेच, पण अशा सामन्यातून मालदीवच्या मुली काय शिकल्या असतील? इतका पैसा, इतके व्हिसा, इतकी सुरक्षा, त्यापेक्षा तेच पैसे आपल्या जिल्हा पातळीच्या मैदानांवर घाला असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सुमेधा_क
केदार, तुमचे आकडे बरोबर आहेत पण तक्ता वरून वाचताय. खालून वाचून बघा ना.

त्याच २०१९ ला १०० मीटर कोण जिंकलं? मालदीवचा हसन साईद. भारत, श्रीलंका, पाकिस्तान सगळे मागे. मालदीवला त्या पूर्ण स्पर्धेत एकच सुवर्ण मिळालं आणि ते हे. आता माले शहर नकाशावर बघा, चालत तासाभरात इकडून तिकडे जाल एवढंसं बेट, जागेची इतकी मारामार, तिथला मुलगा अख्ख्या दक्षिण आशियात सगळ्यात वेगवान ठरतो. त्या एका पदकाची आपल्या १७४ शी तुलना करायची तरी कशी?

आणि गुवाहाटीची माबिया अख्तर आठवते का कुणाला? बांगलादेशची वेटलिफ्टर, ६३ किलो गट. सुवर्ण मिळालं, राष्ट्रगीत सुरू झालं आणि ही पोडियमवर सॅल्यूट करून उभी आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी. तो व्हिडिओ बांगलादेशात घराघरात गेला. तिने २०१९ ला वरच्या वजन गटात परत सुवर्ण घेतलं. त्याच गुवाहाटीत माहफूजा खातून शिला पोहण्यात दोन सुवर्ण घेऊन गेली, दोन्ही ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. या मुलींना एशियन गेम्सला पदक मिळणं जवळपास अशक्य, तिथे चीन जपान कोरिया आहेत. मग त्यांनी स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीत पोडियमवर उभं राहून कुठे ऐकायचं?

केदार_ठाणे
सुमेधाताई, भावना समजते, माबियाचा व्हिडिओ मी पण पाहिलाय. पण माझा मुद्दा खेळाच्या दर्जाचा आहे. हसन साईदची वेळ १०.४९ होती. जागतिक पातळीवर ती कुठे बसते?

सुमेधा_क
कुठेच बसत नाही, मान्य. पण १०.४९ वाला १०.२९ वर यायचा तर त्याला दर दोन वर्षांनी असं कुणाशी तरी पळावं लागेल ना? एकटा घड्याळाशी पळून कोण सुधारतं?

पोहणारा_बाब्या
दर्जाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी वयोगटातल्या मुलांना पोहायला शिकवतो त्यामुळे नेपाळच्या गौरिका सिंगवर माझं बरंच लक्ष होतं. जन्म नेपाळचा, वाढली इंग्लंडमध्ये. २०१५ च्या भूकंपाच्या वेळी ती काठमांडूतच होती. २०१६ ला गुवाहाटीत पदकं घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमधली सगळ्यात लहान खेळाडू ठरली. २०१९ ला घरच्या तलावात चार सुवर्ण! तेरा ते सतरा ही पोहणाऱ्या मुलीची सगळ्यात महत्त्वाची वर्षं, त्या वयात दोन साऊथ एशियन गेम्स लागोपाठ मिळाले म्हणून ती चढण आपल्याला दिसली. तिच्यानंतर नेपाळमध्ये ज्या मुली पाण्यात उतरल्या त्यांना अजून एकही मिळाली नाहीये. पोहण्यात सहा वर्षं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात पोहणारं मूल आहे त्यांना विचारा. शरीर बदलतं, शाळा बदलते, बारावी येते आणि समोर कुठली मोठी स्पर्धा नसली की आईबाप म्हणतात आता पुरे झालं, अभ्यास कर. आपल्या राज्य स्पर्धा पुढे गेल्या की आमच्याकडे पण हेच होतं.

रानवाटा
अगदी हेच म्हणायचं होतं बाब्या. आणि केदार, दर्जाबद्दल अजून दोन गोष्टी. कविता राऊतने गुवाहाटीत मॅरेथॉन जिंकली, २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद, आणि त्याच वेळेवर तिचं रिओचं तिकीट पक्कं झालं. आपल्या नाशिकची, सावरपाड्याची पोरगी. अर्शद नदीम २०१९ ला काठमांडूत ८६.२९ टाकून थेट टोकियोला पात्र ठरला. पाकिस्तानच्या ॲथलेटिक्समध्ये काय पैसा आहे ते आपल्याला माहीत आहे, त्याला युरोपात फिरून पात्रता मिळवणं किती कठीण गेलं असतं विचार करा. ही स्पर्धा नसती तर कदाचित त्याचं टोकियो हुकलं असतं, आणि टोकियोच्या फायनलमध्ये तो पाचवा आला नसता तर पुढचं सगळं कसं झालं असतं देव जाणे.

जुनं_पान
चर्चा वाचून राहवलं नाही. जरा इतिहास टाकतो, नवीन मंडळींना उपयोगी पडेल.

पहिली स्पर्धा सप्टेंबर १९८४, काठमांडू. तेव्हा नाव साऊथ एशियन फेडरेशन गेम्स, सगळे सॅफ गेम्स म्हणायचे. सात देश आणि खेळ फक्त पाच: ॲथलेटिक्स, फुटबॉल, पोहणं, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग. गंमत बघा, सार्कची, म्हणजे याच देशांच्या सरकारांच्या संघटनेची, स्थापना डिसेंबर १९८५ ची, म्हणजे खेळाडू पुढाऱ्यांच्या आधी एकत्र आले. पहिलं फुटबॉल सुवर्ण नेपाळला, फायनलमध्ये बांगलादेशला ४-२ हरवून, दशरथ रंगशाळेत. आणि नेपाळचा बैकुंठ मानंधर! मॅरेथॉनची पहिली तीनही सुवर्णं त्याची, ८४ ला काठमांडू, ८५ ला ढाका, ८७ ला कोलकाता. कोलकात्यात २ तास १५ मिनिटं ३ सेकंद पळाला होता. त्या काळात, तसल्या बुटांत. आजही आपले किती जण एवढं पळतात ते बघा.

त्याच ८५ आणि ८७ ला १०० मीटरचा राजा बांगलादेशचा शाह आलम. ८५ ला ढाक्याच्या घरच्या लोकांसमोर जिंकला आणि कोलकात्याला येऊन ते टिकवलं. ९३ ला परत ढाक्यात बिमल चंद्र तरफदार. ढाक्यातल्या जुन्या लोकांना ही नावं विचारा, चेहरे उजळतात. महिला स्प्रिंटमध्ये श्रीलंकेचा दबदबा, सुसांतिका जयसिंघे आणि दमयंती दर्शा. सुसांतिका तर पुढे सिडनी ऑलिंपिकच्या २०० मीटर पोडियमवर गेली. म्हणजे भारत सगळंच खातो हे पूर्वीपासून खरं नाहीये, ट्रॅकवर सगळ्यात जास्त गर्दी ज्या शर्यतीला होते ती बऱ्याचदा दुसऱ्यांनीच जिंकलीय.

कबड्डी ८५ ला ढाक्यात आली, हे पण नोंदवून ठेवतो.

सूर_मारणारा
कबड्डीचं नाव निघालं मग खो-खोबद्दल मी लिहिणारच. शाळा कॉलेजात धाराशिव जिल्ह्यातनं खेळलोय, आमच्याकडे संध्याकाळी मैदानावर दोन खांब आणि मधली पाटी आखलेली नाही असं गाव शोधावं लागेल.

आमच्या पिढीला राज्य, राष्ट्रीय आणि त्याच्या पुढे भिंत. कितीही भारी खेळा, पुढे काहीच नाही. नोकरीत खेळाडू कोट्यातनं लागलात तर नशीब. २०१६ ला गुवाहाटीत खो-खो पहिल्यांदा साऊथ एशियन गेम्समध्ये आला आणि ती भिंत पडली. महिला संघाची कॅप्टन आमच्या जिल्ह्याची सारिका काळे. सुवर्ण जिंकलं. भारताचा ब्लेझर घालून खो-खोची पोरगी, हे दृश्यच आम्ही कधी बघितलं नव्हतं हो. २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा गावागावात फटाके वाजले. माझ्या ओळखीचे एक सर आहेत, त्यांच्याकडे त्या वर्षानंतर मुली खेळायला पाठवणारे पालक वाढले, आधी घरोघरी जाऊन विनवण्या करायला लागायच्या.

आता केदारभाऊ, तुमच्या एकतर्फीच्या मुद्द्यावर. २०१६ ला बाकीचे देश नवखे होते, चढाईला कुठून वळायचं, पोल डाइव्ह कधी मारायचा, खो कधी द्यायचा नाही हे सुद्धा त्यांना शिकायचं होतं. २०१९ ला नेपाळच्या मुली फायनलला आपल्यासमोर. आणि जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही फायनलमध्ये समोर कोण? नेपाळ. पुरुषांत ५४-३६, महिलांत ७८-४०. हरले, पण वीस देशांच्या वर आलेले असताना फायनलला तेच होते. हे कुठून आलं? या साऊथ एशियन गेम्समधनंच आलं. पहिल्यांदा मार खाल्ल्याशिवाय दुसऱ्यांदा टक्कर देता येत नाही, मैदानावरचा साधा नियम आहे.

केदार_ठाणे
खो-खोचं पटलं. नेपाळचं हे मला माहीत नव्हतं. पण तिरंदाजीचं काय म्हणाल, २०१९ ला बांगलादेशने दहापैकी दहा सुवर्णं नेली, कारण भारत नव्हताच, आपल्या संघटनेवर वर्ल्ड आर्चरीची बंदी होती. भारत असता तर काय झालं असतं?

सुमेधा_क
भारत असता तर कदाचित दोन तीन मिळाली असती. पण त्यांना दहा मिळाली आणि त्यांची एकूण सुवर्णं १९ होती, म्हणजे निम्म्याच्या वर एका खेळातनं! रोमन साना तर त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपला कांस्य घेऊन आलेला, काही उचलून दिलेली पदकं नव्हती ती. आपण नसलो की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळते, यातनंच मला एक उपाय सुचतो. फुटबॉलला पुरुषांचे २३ वर्षांखालचे संघ खेळतात. तसंच ॲथलेटिक्स, पोहणं, नेमबाजीत भारताने स्वतःहून २३ खालचा संघ पाठवायचा ठरवावा. आपल्या नवीन मुलांना अनुभव, समोरच्यांना बरोबरीची झुंज. कुणाचंच नुकसान नाही.

नेमबाजीवरनं आठवलं, मेहुली घोषने २०१९ ला तिथे एअर रायफलला २५३.३ मारले, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जास्त, पण स्पर्धेला तशी मान्यता नाही म्हणून विक्रम धरला गेला नाही. आयोजकांनी या बाजूला पण बघायला हवं.

रानवाटा
२३ खालचा संघ ही कल्पना मला फार आवडली. फुटबॉलमध्ये त्याचा परिणाम दिसतोच आहे, २०१६ ला गुवाहाटीत फायनलला नेपाळने आपल्याला २-१ हरवलं, आपल्याच मैदानावर. २०१९ ला आपण पुरुष संघ पाठवलाच नाही आणि फायनल झाली नेपाळ आणि भूतानमध्ये! भूतान फायनलला, विचार करा. नेपाळ २-१ जिंकला. मुलींमध्ये आपण नेपाळला २-० हरवलं, दोन्ही गोल बाला देवीचे.

जुनं_पान
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, वेळेवर का होत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलायला अवघड आहे. इस्लामाबादची नववी स्पर्धा २००१ ला व्हायची होती. ११ सप्टेंबर झालं, अफगाणिस्तानचं युद्ध, मग भारत-पाक सीमेवर सैन्य. शेवटी झाली मार्च-एप्रिल २००४ ला. तोच काळ जेव्हा आपला क्रिकेट संघ पाकिस्तान दौऱ्यावर होता आणि सेहवागने मुलतानला ३०९ केले. त्याच दिवसांत आपले धावपटू, कुस्तीगीर इस्लामाबादला खेळत होते. मुलतान सगळ्यांना आठवतं. इस्लामाबादच्या त्या स्पर्धेत अफगाणिस्तान पहिल्यांदा आला होता.

दिल्लीला २०१२ ला द्यायचं ठरलं होतं, तेही झालं नाही, मग आपल्या ऑलिंपिक संघटनेवरच आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ ला बंदी घातली आणि गाडी अडकली ती २०१६ पर्यंत. म्हणजे दर वेळी पाकिस्तानमुळेच होतं असं नाही, आपल्या घरच्या भांडणांनी पण बाकीच्या सहा-सात देशांची वर्षं खाल्ली.

मीरा_बंगळुरू
माझं मत जरा कठोर आहे. सीमेवर आपली माणसं मरत असताना तिकडे जाऊन खेळा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पहलगामनंतर तर नाहीच. माझ्या जवळच्या नात्यात सैन्यातली माणसं आहेत, घरात हा विषय निघाला की जेवण थांबतं. पण म्हणून नेपाळ, भूतान, श्रीलंकेच्या मुलांनी वाट का बघायची, हे पण मला पटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातनं वाट दिसत नाही.

रानवाटा
मीराताई, तुमच्या घरच्यांबद्दल पूर्ण आदर. मी पण आत्ता लाहोरला जा असं म्हणत नाहीये. फक्त एक आठवण, पठाणकोटचा हल्ला २ जानेवारी २०१६ चा. गुवाहाटीची स्पर्धा ५ फेब्रुवारीला सुरू झाली, जेमतेम महिना उलटला होता, तरी पाकिस्तानचा संघ आला. हॉकीची फायनल पाकिस्तानने आपल्याविरुद्ध १-० जिंकली. सप्टेंबर २०२४ ला चेन्नईत दक्षिण आशियाई ज्युनियर ॲथलेटिक्स झालं तेव्हा पण त्यांची मुलं आली होती. तेव्हा जमलं, आत्ता नाही जमणार, ठीक आहे. पण सगळं एका यजमान देशावर टांगून ठेवलं की तो देश अडकला की सगळेच अडकतात. यावर काही करता येईल का हा माझा प्रश्न आहे.

सुमेधा_क
सीगेम्स बघा ना, आग्नेय आशियावाल्यांचे. १९५९ पासून चालू आहेत आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर दर दोन वर्षांनी होतातच. त्यांच्यात काय भांडणं नाहीत? थायलंड-कंबोडियाचं बघताय. पण यजमानपद फिरत राहतं, एकाला नाही जमलं तर दुसरा उचलतो. आपल्याकडे पर्यायी यजमान आधीच ठरवून ठेवलेला नसतो.

पोहणारा_बाब्या
माझी सूचना: खेळ वाटून द्या. नेपाळने २०१९ ला तीन शहरांत केलंच होतं, गुवाहाटीबरोबर शिलाँग होतं. मग तीन देशांत का नको? पोहणं कोलंबोला, तिथे तलाव चांगला आहे. मार्शल आर्ट्स काठमांडूला, नेपाळची ताकदच त्यात, २०१६ च्या तीन सुवर्णांवरनं २०१९ ला ५१ वर गेले त्यात कराटे-तायक्वांदोचा मोठा हात. तिरंदाजी थिंफूला, तो तर त्यांचा राष्ट्रीय खेळ. भारत-पाकची लढत असेल ती कोलंबोला. एका देशावर खर्चाचं ओझं पण नाही.

केदार_ठाणे
हे व्यवहार्य वाटतं. मालदीव किंवा भूतानला पूर्ण स्पर्धा कधीच भरवता येणार नाही, पण एक खेळ नक्की येईल. अजूनपर्यंत या दोघांकडे एकदाही यजमानपद गेलेलं नाही. मी माझा खर्चाचा मुद्दा सोडत नाहीये, पण २३ खालचा संघ आणि वाटून यजमानपद असं असेल तर माझा पाठिंबा धरा.

जुनं_पान
उद्घाटन समारंभाचं काय मग? सगळे देश एकत्र मैदानावर येतात तो एक दिवस मला सोडवत नाही. समारोप तरी एका जागी ठेवा.

सूर_मारणारा
वाटून देणार असाल तर खो-खो कुठे? भारतात आलं तर दिल्लीला नको, प्लीज. धाराशिव, सांगली, पुणे, ठाणे कुठेही द्या. तालुक्याच्या पोरांना एसटीने येऊन बघता आलं पाहिजे, आणि शाळेच्या परीक्षा सोडून तारीख ठेवा.

रानवाटा
नोंद घेतली. कुणाला २०१६ आणि २०१९ च्या ॲथलेटिक्सचे पूर्ण निकाल हवे असतील तर मी खेळानुसार तक्ता करून इथेच टाकतो, आधी धावण्याच्या शर्यती करतो. जुनं_पान, तुमच्याकडे ८४ ते ९५ चं जे असेल ते द्या, मॅरेथॉनपासून सुरू करू.